दहा बाय बाराच्या खोलीतून हेल्पलाइनला पहिला फोन कसा लावायचा

मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाइनला मी पहिला फोन लावला तो २०१७ साली, पर्वतीच्या पायथ्याला पीएमटीच्या स्टॉपवर उभी राहून. दोनदा रिंग वाजताच कापला. तिसऱ्यांदा पलीकडून ‘हॅलो’ आलं आणि माझ्या तोंडून निघालं, “सॉरी, चुकून लागला.” पलीकडच्या बाई म्हणाल्या, “चुकून लागला असला तरी चालेल. मी आहे दोन मिनिटं.” तेवढ्यात बस आली, कंडक्टरनं ‘येताय का’ म्हणून हात केला, मी मान हलवली. बस गेली. मग बोलले. बावीस मिनिटं.

तेव्हा मी एकोणीसची होते. सकाळी कॉलेज, दुपारपासून लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात. घरात पाच माणसं, खोली एक, स्मार्टफोन एक आणि तोही आईचा. वडिलांची दारू. आता मी त्याच वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसते. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी वही पुढे करून गणित विचारल्यासारखं दाखवतं आणि हळूच म्हणतं, “ताई, तो पोस्टरवरचा नंबर खरंच उचलतात का?”

उचलतात. पण नंबर उचलणं ही शेवटची पायरी झाली. आपल्यासारख्यांची अडचण त्याच्या आधीच सुरू होते: बोलायचं कुठे, फोन कुणाचा, आईनं कॉल लिस्ट बघितली तर काय. पोस्टरवर यातलं काही नसतं, म्हणून हे लिहिलं. सगळीकडे ‘तू’ म्हटलंय, राग मानू नकोस. अभ्यासिकेतल्या पोरांशी मी अशीच बोलते.

एक गोष्ट आधी. आत्ता, या घडीला, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल किंवा करून घेतलं असेल, तर पुढचं वाचत बसू नकोस. ११२ लाव, किंवा ॲम्ब्युलन्ससाठी १०८. आणि घरातल्या, शेजारच्या, कुठल्याही एका जागत्या माणसाशेजारी जाऊन बस. कारण सांगायची गरज नाही, नुसतं बस.

१. नंबर आधी ठरवून ठेव

रात्री दोन वाजता रडत रडत गूगलवर नंबर शोधू नकोस. जाहिरातीतले, बंद पडलेले, भलतेच नंबर वर येतात. दिवसाउजेडी एक-दोन ठरव आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव.

१४४१६ हा टेली-मानसचा नंबर. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. चोवीस तास, फुकट, मराठीत. हाच १-८००-८९१-४४१६ असाही लागतो. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था या सेवेची मुख्य मार्गदर्शक आहे. मी फोन केला तेव्हा हा नंबर नव्हता. आज कुणी विचारलं तर मी पहिला हाच सांगते, कारण पैसे लागत नाहीत आणि रात्रीही चालतो.

१०९८ ही चाइल्डलाइन. अठरा पूर्ण झाली नसतील तर हा नंबर आपला. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून तिची सुरुवात झाली, ती रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी. २०२३ पासून सरकार चालवतं आणि ११२ शी जोडलेली आहे. इथे नुसतं बोलणं होतं असं नाही, गरज पडली तर माणूस प्रत्यक्ष येतो. मारहाण, घरातून हाकलणं, जबरदस्तीनं लग्न, कामाला जुंपणं असलं काही असेल तर आधी १०९८.

संस्थांचेही नंबर आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल: ९१५२९८७८२१, सोमवार ते शनिवार. वांद्रेवाला फाउंडेशन: ९९९९६६६५५५, चोवीस तास, आणि व्हॉट्सॲपवरही. पुण्यातला कनेक्टिंग ट्रस्ट: ९९२२००११२२, दुपारी १२ ते रात्री ८. वेळा अधूनमधून बदलतात, नाही लागला तर दुसरा लाव.

कनेक्टिंगसारख्या लाइनवर मुख्यतः ऐकून घेतात, सल्ला देत नाहीत. आयकॉलवर शिकलेले समुपदेशक असतात. दोन्हीचा उपयोग आहे, पण हे माहीत नसलं की ऐकणाऱ्या लाइनवर पंधरा मिनिटांनी वाटतं, ‘ह्या काही सांगतच नाहीत!’ त्या सांगणारच नसतात. ज्याला आयुष्यात कुणी सलग पंधरा मिनिटं ऐकलेलं नाही, त्याला ते फार असतं.

२. काय लागतं

कागदपत्र एकही नाही. आधार नाही, रेशनकार्ड नाही, कॉलेजचं ओळखपत्र नाही. कुणी फोनवर आधार नंबर, ओटीपी किंवा ‘नोंदणीचे फक्त ९९ रुपये’ मागितले तर ती हेल्पलाइन नव्हे. कापून टाक.

लागतं ते एवढंच:

- निदान २० टक्के चार्ज असलेला फोन
- वायरचा साधा इअरफोन (एका कानातला चालत असला तरी पुरे)
- कागद आणि पेन
- वीस मिनिटं ते पाऊण तास, जेव्हा तुला कुणी हाक मारणार नाही

शेवटची वस्तू सगळ्यात महाग. पुढची पायरी तिच्याबद्दलच आहे.

३. जागा आणि फोन

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ‘घरातील शांत, खासगी जागा निवडा.’ हे वाचून मी तेव्हाही हसले होते. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये पत्रा. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजायचो, आमची भांडणं ते.

माझा अनुभव असा की पूर्ण एकांत शोधायचाच नाही. अनोळखी गर्दी शोधायची. बसस्टॉप सगळ्यात चांगला. तिथे प्रत्येक जण फोनवर असतो, रडलं तरी लोक समजतात घरचं काही असेल किंवा ब्रेकअप झालं असेल, आणि गाड्यांच्या आवाजात दोन हातांवरच्या माणसालाही ऐकू जात नाही. फक्त आपल्या वस्तीच्या तोंडाशी असलेला स्टॉप नको, एक स्टॉप पुढे चालत जा. कॉलेजच्या लायब्ररीबाहेरचा जिना चालतो. दुपारच्या वेळचं देऊळ, गाभाऱ्याच्या मागची ओटी, हेही चालतं. सरकारी दवाखान्याचं आवार तर उत्तम, तिथे रडणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही.

न चालणाऱ्या जागा: सार्वजनिक नळ, शौचालयाची रांग, किराणा दुकानाचा कट्टा. तिथे बोललेलं संध्याकाळपर्यंत घरी पोहोचतं. मुलींना आणखी एक सांगते, टेकडीवर किंवा बांधकामाच्या मागे दुपारी एकटीनं जाऊ नका. मन मोकळं करायला जायचं आणि वर दुसरंच संकट ओढवून घ्यायचं, असं नको.

इमारतीत राहायला गेलेल्यांना गच्ची असते, पण वाईट वाटत असताना गच्चीवर एकट्यानं जाऊन फोन लावू नये. खाली पार्किंगमध्ये उभं राहा.

वेळ बघ. आमच्याकडे सकाळी पाणी यायच्या वेळी सगळी बायामाणसं हंडे-कळशा घेऊन बाहेर असायची. ती वीस मिनिटं खोली रिकामी. माझा दुसरा आणि तिसरा फोन मी तेव्हाच केला, एका हातानं पिंप भरत. तुझ्या घरातली अशी वीस मिनिटं कुठली, ते दोन दिवस नुसतं बघत राहा. असतात.

आता फोन. स्वतःचा असेल तर प्रश्न सोपा. सामायिक असेल तर हे तपास:

कॉल रेकॉर्डिंग. पुष्कळ फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायची सोय असते आणि कुणीतरी ती चालू करून ठेवलेली असते. डायल करतो त्या ॲपमध्ये तीन टिंबांवर दाब, सेटिंगमध्ये जा, कॉल रेकॉर्डिंग चालू आहे का बघ. अभ्यासिकेतल्या एका मुलाचा सबंध कॉल त्याच्या मोठ्या भावानं दुसऱ्या दिवशी ऐकला. त्यानंतर त्या घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

कॉल लिस्ट. बोलणं झालं की तेवढीच एक नोंद पुसायची. सगळी लिस्ट साफ करू नकोस, रिकामी लिस्ट बघून घरातल्यांना जास्त संशय येतो. नंबर सेव्ह करायचाच असेल तर ‘झेरॉक्स’, ‘क्लास ऑफिस’ अशा नावानं.

परत येणारा फोन. मध्येच कट झाला तर काही लाइनवरून उलट फोन येतो. तो आईनं किंवा वडिलांनी उचलला तर? म्हणून पहिल्याच मिनिटात सांग, “हा फोन घरातल्यांचा आहे, कृपया परत करू नका, मीच करीन.”

व्हॉट्सॲपवर बोलणार असशील तर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघ. सायबर कॅफेत किंवा मित्राच्या लॅपटॉपवर आपलं खातं उघडं राहिलेलं असतं, आणि लक्षात येत नाही.

रिचार्ज. १४४१६ आणि १०९८ ला पैसे कापले जात नाहीत. संस्थांचे दहा आकडी नंबर साध्या कॉलसारखे आपल्या प्लॅनमधून जातात. प्लॅनची मुदतच संपली असेल तर फुकटचे नंबरही लागतीलच असं धरून चालू नकोस. ११२ मात्र बॅलन्स नसतानाही लागतो. मित्राचा फोन मागायला लाजू नकोस. ‘कॉलेजच्या फीचं विचारायचंय’ एवढं कारण पुरतं.

आणि एक युक्ती, जी मला त्या पहिल्या बाईंनीच शिकवली. सुरुवातीलाच सांगून ठेवायचं, “मी मध्येच ‘हो मॅडम, फॉर्म उद्या भरते’ असं म्हणाले तर समजा कुणीतरी जवळ आलंय.” मग त्या तेवढा वेळ गप्प राहतात किंवा हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारतात. मी हे वाक्य तीन वेळा वापरलंय. एकदा आईनं विचारलं, “कसला एवढा फॉर्म भरतेस गं?”

४. पहिलं वाक्य लिहून ने

सगळे इथेच अडकतात. फोन लागतो, ‘बोला’ म्हणतात, आणि आपल्याला कळतच नाही कुठून सुरू करावं. बापाच्या दारूपासून? फीपासून? चौथीत असताना मारलं तिथपासून?

मी दुकानातल्या बिलबुकाच्या कोऱ्या पानामागे तीन ओळी लिहिल्या होत्या. काय होतंय, केव्हापासून, आणि आजच फोन का केला. माझ्या ओळी होत्या: ‘रात्री झोप येत नाही, आली तर दचकून जाग येते. दिवाळीपासून. काल दुकानात गिऱ्हाईकासमोर रडू आलं आणि मालक म्हणाला, परत झालं तर येऊ नकोस.’ तेवढं वाचून दाखवलं, पुढचं आपोआप आलं.

बोलायला सुचत नसेल तर नुसतं म्हण, “मला कुठून सुरू करावं कळत नाही, तुम्ही विचारा.” ते विचारतात. त्यांचं ते रोजचं काम आहे.

मरणाचे विचार येत असतील तर मात्र आडून बोलू नकोस. आपल्याकडे ‘कसंतरी होतंय’, ‘नको वाटतं सगळं’, ‘निघून जावंसं वाटतं’ असं म्हणायची रीत आहे, आणि ‘निघून जावंसं’ म्हणजे गावाला की जगातून हे पलीकडच्याला कळत नाही. सरळ सांग, “मला मरावंसं वाटतं.” तेही सरळ विचारतील, “जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का?” त्याचा अपमान वाटून घेऊ नकोस. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलून टाकल्यानं जरा उतरतो.

पोलिसांची भीती वाटते? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस, वेगळं सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होता असं धरूनच चालायचं असतं आणि त्याला शिक्षेसाठी कोर्टात खेचता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेतल्या ३०९ कलमाची भीती अजून वस्तीत ऐकू येते, पण जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम घेतलेलंच नाही.

५. फोन लागल्यावर

१४४१६ लावलास की आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो, भाषा निवडायला सांगतो. मराठीसाठी जो आकडा सांगेल तो दाब. मग थांबावं लागतं. संगीत वाजतं, ते ऐकताना कापून टाकावंसं वाटतं. थांब. घाई असल्यासारखं वाटतं, पण आपल्याकडे घड्याळ कुणी लावलेलं नसतं.

नाव, वय, जिल्हा, शिक्षण असं जुजबी विचारतात. खरं नाव सांगायची सक्ती नसते. मी ‘वैशाली’ सांगितलं होतं, जे माझं नाही. मात्र वय खरं सांग, कारण अठराच्या आत-बाहेर यावर पुढचे नियम ठरतात.

मग झोप, भूक, घरात कोण कोण, दारू-तंबाखू, मारहाण, कुणाशी बोलणं होतं का, असे प्रश्न येतात. मध्ये शांतता पडते. लाइन कट झाली असं समजून मी ‘हॅलो हॅलो’ करायचे. त्या म्हणायच्या, “आहे मी.”

टेली-मानसमध्ये दोन पायऱ्या आहेत. फोन घेणारा समुपदेशक ही पहिली. त्याला वाटलं की तज्ज्ञाची गरज आहे, तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव सांगतात. म्हणून ‘गोळी कुठली घेऊ’ हे पहिल्या माणसाला विचारून उपयोग नाही.

ठेवायच्या आधी विचारून घे: परत फोन केला तर आजचं सगळं पुन्हा सांगावं लागेल का? बहुतेक वेळा दुसरं माणूस मिळतं. मला फार राग यायचा याचा. नंतर सवय केली: दर कॉलनंतर वहीत दोन ओळी लिहायच्या, आणि पुढच्या वेळी त्या वाचून दाखवायच्या.

६. काय गुप्त राहतं, काय राहत नाही

तुझं बोलणं तुझ्या घरी, कॉलेजात, मालकाला कळवत नाहीत. २०१७ च्या कायद्यानं मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे.

पण दोन अपवाद नीट समजून घे, कारण इथे पोरं फसवलं गेल्यासारखी दुखावतात. एक, जिवाला आत्ता धोका आहे असं दिसलं तर ते मदत पाठवायचा प्रयत्न करतात. दोन, अठराच्या आतल्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. कळवलं नाही तर तो गुन्हा. हाच कायदा सतराची मुलगी आणि वीसचा मुलगा यांच्या राजीखुशीच्या संबंधालाही लागतो. त्यामुळे असं काही सांगायचं असेल तर आधी विचार, “मी पुढे जे सांगणार आहे ते तुम्हाला कुणाला कळवावं लागेल का?” तो प्रश्न विचारायला तुला पूर्ण मुभा आहे. चांगला समुपदेशक सरळ उत्तर देतो.

खरोखर अत्याचार होत असेल तर हे वाचून मागे फिरू नकोस. १०९८ त्यासाठीच आहे.

७. वाईट कॉल लागला तर

लागतो कधीकधी. माझ्या चौथ्या कॉलला, वेगळ्या लाइनवर, एक गृहस्थ मिळाले. माझं अर्धं ऐकून म्हणाले, “वातावरण बदला. चार दिवस कुठेतरी बाहेरगावी जाऊन या. पहाटे योगा करा.” पगार सहा हजार, खाडा केला की दिवसाचे पैसे कापणार, आणि पहाटे पाण्याची रांग. मी ‘हो सर’ म्हणून ठेवला आणि पुढे दोन महिने कुठेच फोन केला नाही. ती माझी चूक होती. एका माणसाला बुद्धी सुचली नाही म्हणून मी सगळ्यांवर काट मारली.

आता मी पोरांना सांगते, तिथल्या तिथे बोला: “सर, मला ते परवडणार नाही. पैसे न लागता काय करता येईल ते सांगा.” बहुतेक जण सावरतात. सावरले नाहीत तर ‘थँक्यू’ म्हणून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा नंबर.

जात विचारली, देवाधर्माचा उपदेश केला, ‘आईबापाला उलट बोलू नये’ म्हणाले, लगट केली, किंवा वैयक्तिक नंबरवर बोलू या म्हणाले, तर सावरायची वाट बघू नकोस. ठेव.

८. पैशाचं दुखणं वेगळं काढ

हेल्पलाइन फी भरत नाही, नोकरी लावत नाही, भाडं देत नाही. हे उघड आहे, पण फोन ठेवताना मनात कुठेतरी ती आशा असते आणि मग ‘काय फरक पडला’ असं वाटतं.

त्या पहिल्या बाईंनी माझ्याकडून कागदावर मधोमध रेघ मारून घेतली. डावीकडे ज्याला पैसे लागतात ते, उजवीकडे ज्याला लागत नाहीत ते. परीक्षा फी, दुकानाचा खाडा डावीकडे. झोप, वडिलांचा आवाज ऐकला की पोटात गोळा येणं, उजवीकडे. मग त्यांनी डाव्या बाजूचं एकच विचारलं: फीची मुदत वाढवून मागितलीस का? मी मागितलीच नव्हती. ऑफिसच्या खिडकीशी जायचीच लाज वाटत होती. गेले, अर्ज दिला, पंधरा दिवस मिळाले. त्याच खिडकीबाहेर ‘कमवा आणि शिका’चा कागद लावलेला दिसला. तो वर्षभर तिथेच होता म्हणे.

डाव्या बाजूसाठीही नंबर आहेत. लोन ॲपवाले फोटो बदलून नातेवाइकांना पाठवायची धमकी देत असतील, किंवा ऑनलाइन पैसे गेले असतील, तर १९३०. वीस-बावीसच्या पोरांमध्ये हे फार वाढलंय आणि लाजेपोटी कुणी बोलत नाही. धमकीचे स्क्रीनशॉट ठेव, पुसू नकोस. मालकानं पगार बुडवला, घरातून काढलं, अशा गोष्टींसाठी मोफत कायदेशीर मदत: १५१००. बायका, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. घरात मारहाण होत असलेल्या मुलींसाठी १८१.

९. दवाखान्यात जायला सांगितलं तर

घाबरू नकोस. मला सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर ‘येरवडा’ आलं. पुण्यात या शब्दाचे दोनच अर्थ, तुरुंग नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या चारांपैकी एक; बाकीची ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. तिथल्या ओपीडीतही लोक बसनं येतात, गोळ्या घेतात, बसनं परत जातात. आणि झोप-चिंता-उदासीसाठी थेट तिथेच जावं लागतं असंही नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, पुण्यात औंधला आहे.

पैशाचं गणित असं: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. औंधचं जिल्हा रुग्णालय त्यात येतं. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं आहे, महापालिकेचे दवाखाने महापालिकेचे. तिथे हा निर्णय लागू नाही, थोडे पैसे खिशात ठेव. पाटीवर ‘सरकारी’ लिहिलेलं सगळं एकाच खात्याचं नसतं, हे मला रांगेत तास घालवून कळलं.

सोबत ने:

- आधारकार्ड
- रेशनकार्डाची झेरॉक्स (पिवळं किंवा केशरी असेल तर नक्की)
- आधीचे कुठलेही दवाखान्याचे कागद, चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं
- तुझी ती वही
- डबा आणि पाणी

सकाळी लवकर जा. कोणत्या वारी मानसोपचाराचे डॉक्टर बसतात ते आदल्या दिवशी विचारून घे, नाहीतर एक खाडा फुकट जातो. डॉक्टरांना पाच मिनिटं असतात, म्हणून पुन्हा त्या तीन ओळी. गोळ्या दिल्या तर विचार: किती दिवसांनी फरक पडेल, झोप येईल का, कामावर उभं राहायचं असेल तर कधी घेऊ? बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नकोस. मी केल्या होत्या, तीन आठवड्यांनी पुन्हा तिथेच रांगेत उभी होते आणि डॉक्टरांनी वर बघून नुसतं “हं” केलं.

१०. मित्रासाठी फोन करायचा असेल तर

करता येतो. ‘माझ्या मैत्रिणीबद्दल विचारायचंय’ म्हटलं तरी चालतं. (निम्मे ‘मित्रासाठी’ म्हणून लावलेले फोन स्वतःसाठीच असतात असा मला संशय आहे. असेनात का.)

मित्र जवळ असेल तर त्याच्या तोंडाला फोन लावून ‘बोल ना, बोल ना’ करू नकोस. आधी तू बोल: कोण आहे, काय झालंय, आत्ता कसा आहे. मग त्याला विचार, “घेतोस?” नाही म्हणाला तर स्पीकरवर ठेव आणि त्याला नुसतं ऐकू दे. अभ्यासिकेत असे दोन कॉल झालेत, दोन्ही वेळा दहाव्या मिनिटाला पोरानं स्वतःहून हात पुढे केला.

त्यानं फोन घेतला की तू उठ आणि दाराबाहेर जाऊन उभा राहा. त्याला दिसशील, पण तुला त्याचं बोलणं ऐकू येणार नाही, एवढ्या अंतरावर. कुणी आत यायला लागलं तर सांग, “मॅडमशी बोलतोय तो, फॉर्मचं काम आहे.”